डिझेलचा धूर आणि गाडीवाल्याची पुंजी



वसंत व्याख्यानमालेत डिझेल गाडीच्या धुरासंबंधी बोलायचे म्हटले की काही श्रोत्यांच्या कपाळावर आठी पडणे साहजिक आहे. काव्य, इतिहास, तत्त्वज्ञान यांच्या पंक्तीला पीयूसीचा दाखला आणि आरटीओचे पासिंग कशासाठी, असे कोणीही विचारील. परंतु न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा सुरू केली ती लोकांना शहाणे करण्यासाठी. आणि ज्या शहाणपणाचा रोजच्या प्रपंचाशी संबंध येत नाही, ते शहाणपण फार दिवस टिकत नाही. श्वास घेणे हा तर प्रपंचातला पहिला व्यवहार. या सभेत डिझेल गाडीचे मालक थोडे असतील, पण तिचा धूर न घेतलेला एकही माणूस नसेल. म्हणून हा विषय गाडीवाल्याचा तितकाच पायी चालणाऱ्याचाही आहे.

मी आज दोनच प्रश्न आपल्यापुढे मांडणार आहे. धुरासंबंधीचे नियम काय आहेत, हा पहिला. आणि ते पाळण्यासाठी लागणारा पैसा कोणी आणि कोठून आणायचा, हा दुसरा. आपल्याकडे हे दोन प्रश्न नेहमी वेगवेगळे चर्चिले जातात. आरोग्याविषयी बोलणारे पैशाविषयी बोलत नाहीत आणि पैशाविषयी बोलणारे आरोग्याविषयी मौन पाळतात. माझे म्हणणे असे की हे दोन प्रश्न वेगळे केले की दोन्ही सुटत नाहीत. साहाय्यावाचून नियम हा गरिबावर अन्याय ठरतो आणि नियमावाचून साहाय्य ही नुसती उधळपट्टी ठरते.

प्रथम धूर म्हणजे काय ते पाहू. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ साली ऑग्सबर्ग येथे यशस्वीपणे चालले. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवावे लागते. डिझेलच्या इंजिनात तसे नाही. हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तप्त होते, आणि मग त्या तप्त हवेत तेलाचा फवारा सोडायचा. तो आपोआप पेट घेतो. या युक्तीमुळे थोड्या तेलात जास्त काम होते. म्हणूनच मालमोटार, एसटी, ट्रॅक्टर, रोडरोलर ही सगळी जड कामाची यंत्रे डिझेलवर आली. हे इंजिन नसते तर उसाचा ट्रक कारखान्यापर्यंत आणि कांदा लासलगावपर्यंत इतक्या स्वस्तात पोचला नसता. डिझेलला नुसते शिव्याशाप देण्याचा माझा हेतू नाही, हे आरंभीच सांगून ठेवतो.

पण ज्या युक्तीत गुण आहे त्याच युक्तीत दोषही आहे. फवाऱ्यातील तेलाच्या प्रत्येक थेंबाला सारखी हवा मिळत नाही. जेथे हवा कमी पडते तेथे काजळी तयार होते. जेथे उष्णता फार वाढते तेथे हवेतलाच नत्रवायू जळून नायट्रोजनची ऑक्साइडे होतात. काजळी कमी करावी म्हणून आच वाढवली तर हे वायू वाढतात. वायू कमी करावेत म्हणून आच उतरवली तर काजळी वाढते. या ओढाताणीत इंजिन बनवणाऱ्यांच्या पिढ्या खपल्या. यातली काजळी डोळ्यांना दिसते, वायू दिसत नाहीत. आणि काजळीतही जे कण सर्वांत बारीक, ते फुप्फुसात सर्वांत खोल जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर हा माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातला. तंबाखूचा धूर त्याच वर्गात आहे. आणि हा धूर सर्वांआधी कोणाच्या छातीत जातो? ड्रायव्हरच्या, क्लीनरच्या, गॅरेजातल्या पोराच्या, नाक्यावरच्या भजीवाल्याच्या आणि चौकातल्या हवालदाराच्या. गाडीवाला आणि जनता असे दोन पक्ष पाडून जे बोलतात ते हे विसरतात की धुराचा पहिला बळी गाडीवालाच असतो.

आता नियमांकडे वळू. हे नियम पाहून लोक गोंधळतात, कारण ते एका ठिकाणी लिहिलेले नाहीत. पण आपल्याकडे माणसाला जसे जन्मापासून अंत्येष्टीपर्यंत संस्कार सांगितले आहेत, तसेच गाडीचेही आहेत. जन्माचा नियम, जगण्याचा नियम आणि मरणाचा नियम, असे तीन भाग केले की सगळा गुंता सुटतो.

जन्माचा नियम म्हणजे गाडी कारखान्यातून बाहेर पडताना तिच्या धुरात काय, किती असावे याची मर्यादा. यालाच ‘भारत स्टेज’ म्हणतात. एम. सी. मेहता या वकिलांनी दिल्लीच्या हवेसाठी १९८५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तेथून या इतिहासाला वेग आला. पुढे आपले डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींवरून २००३ साली वाहन-इंधन धोरण जाहीर झाले. २०१० साली सर्व देशाला तिसरी पायरी आणि निवडक १३ शहरांना चौथी पायरी लागू झाली. त्या १३ शहरांत मुंबई आणि पुणे होते, हे आश्चर्य नव्हे. पण सोलापूरही होते. १ एप्रिल २०१७ पासून चौथी पायरी देशभर आली, आणि पाचवी गाळून १ एप्रिल २०२० रोजी आपण थेट सहावीवर उडी मारली.

ही उडी किती मोठी, ते दोन आकड्यांत सांगतो. मालमोटारीच्या इंजिनाला तिसऱ्या पायरीवर एका किलोवॉट-तासाच्या कामामागे ०.१० ग्रॅम काजळीची मुभा होती. सहाव्या पायरीवर ती ०.०१ ग्रॅम झाली. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मुभा ५ ग्रॅमवरून ०.४० ग्रॅमवर आली. म्हणजे कायद्याच्या मापाने पाहिले तर तिसऱ्या पायरीच्या एका ट्रकच्या काजळीत सहाव्या पायरीचे दहा ट्रक बसतात. हे नुसत्या इंजिनाने साधलेले नाही. आधी तेल शुद्ध करावे लागले. तिसऱ्या पायरीच्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ३५० भागांपर्यंत चाले. चौथीत ते ५० आणि सहावीत १० भागांवर आणले. कारण धूर स्वच्छ करणारी उपकरणे गंधकाने निकामी होतात. तेव्हा तेलशुद्धी कारखान्यांनी आपले काम केले, मोटार बनवणाऱ्यांनी केले, पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या १९६६ पासून चाललेल्या संस्थांनी गाड्या तपासण्याचे काम केले. आता पाळी गाडी चालवणाऱ्याची.

त्याच्यासाठी आहे जगण्याचा नियम. यात दोन गोष्टी येतात, पीयूसी आणि पासिंग. गाडीच्या नोंदणीला एक वर्ष झाले की पीयूसीचा दाखला जवळ असलाच पाहिजे. चौथ्या आणि त्यापुढच्या पायरीच्या गाडीला तो वर्षभर चालतो, जुन्या गाडीला सहा महिने. डिझेल गाडीची तपासणी अशी की गाडी जागीच उभी ठेवून पेडल पूर्ण दाबायचे आणि नळीतून येणाऱ्या धुरातून प्रकाश किती अडतो ते यंत्राने मोजायचे. चौथ्या पायरीआधीच्या गाडीला या मापाची मर्यादा २.४५ आहे, चौथीला १.६२ आणि सहावीला ०.७. दाखला नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या १९० व्या कलमाखाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि शिवाय तीन महिने परवाना जाऊ शकतो. २०१९ च्या दुरुस्तीने हे माप इतके वाढले आहे. माल किंवा प्रवासी वाहणाऱ्या गाडीला याखेरीज पासिंग लागते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी एकदा आणि पुढे दरवर्षी. ही तपासणीही आता माणसाच्या नजरेकडून यंत्रांच्या केंद्रांकडे चालली आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. गाडी न नेता नुसता गाडीचा नंबर देऊन पीयूसी ‘काढणारे’ लोक आपल्यात आहेत आणि तसा तो देणारेही आहेत. त्यांना वाटते की आपण सरकारला फसवले. सरकारला फुप्फुस नाही, बंधूंनो. फुप्फुस आपल्याला आहे. आणि यात तोटा केवळ आरोग्याचा नाही. काळा धूर म्हणजे न जळलेले तेल. ते आपण पंपावर रोख पैसे मोजून घेतलेले असते. एअर फिल्टर तुंबला, नोझल गळू लागले, पंपाचे माप चुकले की धूर काळा होतो. म्हणजे पीयूसीचे यंत्र हा गाडीचा फुकट मिळालेला वैद्य आहे. त्याने रोग सांगितला म्हणून त्याच्याकडून खोटा दाखला घेणे, हे ताप आल्यावर तापमापक फोडण्यासारखे आहे.

सहाव्या पायरीच्या गाडीवाल्यांना आणखी एक सूचना. या गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. ती मधूनमधून तापून साठलेली काजळी जाळून टाकते. यासाठी गाडी काही वेळ सलग धावावी लागते. नेहमी गल्लीबोळातच फिरणाऱ्या गाडीची गाळणी तुंबते. मोठ्या गाड्यांत ज्याला आपण ‘युरिया’ म्हणतो ते पाणी घालावे लागते. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया असतो आणि तो नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे पुन्हा निरुपद्रवी नत्रवायूत रूपांतर करतो. शेतातला खताचा युरिया पाण्यात कालवून टाकीत ओतणारे महाभाग आढळतात. त्याने काही शेकड्यांची बचत होते आणि उपकरणाची दुरुस्ती हजारांत जाते. गाळणी काढून टाकणे किंवा गाडीच्या संगणकाला फसवणे हे तर उघड बेकायदेशीर. हे पाप लहान मिस्त्रीच करतात असे मात्र नाही. फोक्सवॅगनसारख्या जगड्व्याळ कंपनीने तपासणी चालू असतानाच स्वच्छ धूर दाखवणारी संगणकी युक्ती गाड्यांत बसवल्याचे २०१५ साली उघडकीस आले, आणि सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांचा हिशेब तिला द्यावा लागला.

आता तिसरा, मरणाचा नियम. याविषयी अफवा सर्वांत जास्त. ‘दहा वर्षांनी डिझेल गाडी बंद’ हे वाक्य चहाच्या प्रत्येक टपरीवर ऐकू येते. वस्तुस्थिती अशी आहे. दहा वर्षांची मर्यादा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली घातली ती दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राजधानी क्षेत्रापुरती. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ती कायम केली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने केवळ वयावरून सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले आणि डिसेंबर २०२५ मध्ये हे संरक्षण चौथ्या व त्यापुढच्या पायरीच्या गाड्यांपुरते ठेवले. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून आणि शुल्क भरून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. याचा अर्थ आपण निर्धास्त राहावे असा नाही. मुंबईच्या धुरासंबंधी उच्च न्यायालयाने शतकाच्या आरंभीच कडक आदेश दिले होते, आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई महानगर क्षेत्रातून पेट्रोल-डिझेलची वाहने टप्प्याटप्प्याने काढता येतील काय याचा विचार करण्यासाठी राज्य सरकारने समिती नेमली. वारा कोणत्या दिशेचा आहे ते यावरून ओळखावे.

दिल्लीच्या या प्रकरणातून मात्र एक मोठा धडा मिळतो. दहा वर्षे झालेल्या गाड्यांचे तेथे काय झाले? त्या सगळ्या काही भंगारात गेल्या नाहीत. कित्येक मालकांनी ना-हरकत दाखला घेतला आणि गाडी दुसऱ्या राज्यात विकली. म्हणजे धूर मेला नाही. त्याने फक्त गाव बदलले. बंधुभगिनींनो, या विषयाचे सगळे मर्म येथे आहे. थोरल्या भावाचा सदरा जसा धाकट्याकडे येतो, तशी गाडी खाली खाली उतरत येते. मोठी वाहतूक कंपनी नवा ट्रक घेते, काही वर्षे हमरस्त्यावर पळवते आणि विकते. मग तो मधल्या व्यापाऱ्याकडे येतो, तेथून तालुक्याच्या गावी आणि शेवटी वाळू, विटा, ऊस, जनावरांचा चारा वाहणाऱ्या एखाद्या एकट्या मालकाकडे. नियमाची कुऱ्हाड पडते तेव्हा गाडी याच शेवटच्या माणसाच्या दारात उभी असते. पहिल्या मालकाने नफा कमावला, दुसऱ्याने कमावला, आणि दंड भरायची वेळ आली ती तिसऱ्या-चौथ्यावर. त्याची सारी पुंजी म्हणजे ती गाडी. बायकोच्या अंगावरचे डाग मोडून आणि पतपेढीचे कर्ज काढून घेतलेली. त्याला ‘नवी गाडी घे’ असे सांगणे फार सोपे आहे.

म्हणून दुसरा प्रश्न येतो, पैशाचा. या बाबतीत अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा अनुभव सांगण्याजोगा आहे. त्या राज्याने १९९८ साली कार्ल मॉयर या शास्त्रज्ञाच्या नावाने एक योजना सुरू केली: जुने डिझेल इंजिन टाकून स्वच्छ इंजिन घेणाऱ्याला सरकारी अनुदान. पुढे २००८ साली नियम केला, की ठरलेल्या क्रमाने जुने ट्रक बदलत जावेत आणि १ जानेवारी २०२३ पर्यंत रस्त्यावरच्या जवळजवळ प्रत्येक जड ट्रकमध्ये २०१० किंवा त्यानंतरच्या नमुन्याचे इंजिन असावे. म्हणजे अंतिम तारीख सुमारे चौदा वर्षे आधी सांगितली. अनुदान घेणाऱ्याला जुनी गाडी विकता येत नसे. इंजिनाच्या ठोकळ्याला भोक पाडून आणि चासीच्या पट्ट्या कापून ती खरोखर मारल्याचा पुरावा द्यावा लागे. धुराने गाव बदलू नये म्हणून. थोड्या ट्रकांच्या मालकाला बँक दारात उभी करीत नाही हे जाणून, असे कर्ज बुडाल्यास सोसण्यासाठी सरकारने सावकारी संस्थांकडे राखीव निधी ठेवला.

या योजनेतील सर्वांत महत्त्वाचे कलम मात्र वेगळेच आहे. अनुदान मिळे ते कायद्याने भाग पाडण्याआधी किंवा कायद्याहून जास्त धूर कमी करणाऱ्याला. जे करणे कायद्याने आधीच बंधनकारक झाले, त्यासाठी पैसे नाहीत. म्हणजे लवकर आला त्याला साहाय्य आणि उशिरा आला त्याला दंड. कित्येक मालक ‘मुदत वाढेल, सरकार माघार घेईल’ म्हणून थांबले. मुदत आली तेव्हा अनुदानाचे दार बंद झालेले आणि नोंदणीचे दारही बंद होऊ घातलेले. हे तत्त्व आपल्याकडेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे: साहाय्य मुदतीच्या अलीकडे उभे असते, पलीकडे नाही.

आपल्या देशात आज कोणते मार्ग उपलब्ध आहेत? पहिला, मोडीचा. ऑगस्ट २०२१ मध्ये वाहन-मोडीचे राष्ट्रीय धोरण सुरू झाले. नोंदणीकृत मोड-केंद्रावर गाडी दिली की भंगाराची किंमत मिळते आणि शिवाय एक ‘ठेव-प्रमाणपत्र’ मिळते. या कागदाची किंमत पुष्कळांना ठाऊक नाही. नव्या गाडीचे नोंदणी शुल्क त्यावर माफ होते. मोटार वाहन करात खाजगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत आणि व्यवसायाच्या गाडीला १५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद १ एप्रिल २०२२ पासून आहे. त्या मर्यादेत प्रत्यक्ष सूट किती ते राज्य ठरवते, म्हणून आपल्या आरटीओत चौकशी करावी. केंद्र सरकारने मोटार कंपन्यांनाही या प्रमाणपत्रावर सवलत द्यावी असे सुचवले आहे. तेव्हा किंमत ठरवतानाच शोरूममध्ये ते पुढे करावे. हे प्रमाणपत्र दुसऱ्याला विकताही येते. म्हणजे ज्याला नवी गाडी घ्यायची नाही त्याच्याही ते कामाचे. नाक्यावरच्या भंगारवाल्याला गाडी दिली तर रोख दोन पैसे जास्त दिसतील, पण हा कागद मिळणार नाही आणि नोंदणीही आपल्याच नावावर राहील. उद्या त्या नंबरचा कोणी दुरुपयोग केला तर पोलीस आपल्या दारात येतील.

दुसरा मार्ग विजेच्या मालमोटारीचा. केंद्राच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत साडेतीन टनांवरील विजेच्या ट्रकसाठी ५०० कोटी रुपये ठेवले आहेत, आणि जुलै २०२५ मध्ये नियम जाहीर झाले. एका ट्रकला जास्तीत जास्त ९ लाख ६० हजार रुपये; ही रक्कम किमतीतूनच वजा होते. अट अशी की जुना ट्रक मोडीत काढल्याचे प्रमाणपत्र हवे. सुमारे ५,६०० ट्रकांपुरताच हा निधी आहे आणि आधी येईल त्याला आधी, असा क्रम आहे. लांब पल्ल्याच्या एकट्या मालकाला हा मार्ग आज सोयीचा नाही, कारण चार्जिंगची सोय वाटेत जागोजागी नाही आणि अनुदान वजा जाऊनही किंमत मोठी आहे. परंतु बंदर ते गोदाम, कारखाना ते रेल्वेचा धक्का अशा ठरलेल्या फेऱ्या करणाऱ्यांनी त्याचा जरूर विचार करावा.

तिसरा मार्ग कर्जाचा. लहान मालवाहू गाडी किंवा टेम्पो घेण्यासाठी मुद्रा योजनेखाली तारणाशिवाय १० लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते; आधीचे मोठे कर्ज नीट फेडणाऱ्यासाठी ही मर्यादा २०२४ साली २० लाखांपर्यंत वाढवली. खाजगी फायनान्सवाला तासाभरात पैसे देतो हे खरे, पण त्याच्या आणि बँकेच्या व्याजातला फरक हप्त्यावर न पाहता एकूण फेडीवर पाहावा. चौथा मार्ग इंजिन किंवा इंधन बदलण्याचा. मान्यताप्राप्त संच असेल, परवानाधारक केंद्रावर बसवला असेल आणि कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे आरसी बुकावर नोंद झाली असेल, तरच तो मार्ग. अन्यथा विमा कंपनी अपघाताच्या दिवशी हात वर करील.

यातला कोणता मार्ग कोणी धरावा? याला एकच उत्तर नाही. उत्तर गाडीच्या वयावर नसून तिच्या धावेवर आहे. सोपे आकडे घेऊन हिशेब करू. समजा, जुना ट्रक लिटरला चार किलोमीटर देतो आणि नवा पाच. डिझेल ९० रुपये धरू. ज्याची गाडी वर्षाला ५०,००० किलोमीटर धावते त्याला जुन्या ट्रकला १२,५०० लिटर लागतील, नव्याला १०,०००. वर्षाला २,५०० लिटर, म्हणजे २ लाख २५ हजार रुपये वाचले. हप्त्याचा मोठा भाग धुरातूनच निघाला. पण ज्याची गाडी वर्षाला १०,००० किलोमीटरच धावते त्याचे ५०० लिटर, म्हणजे ४५,००० रुपये वाचतील. त्यात हप्ता भागणार नाही. त्याने नव्या ट्रकच्या मोहात पडू नये. नोझल-पंप दुरुस्त करावा, पीयूसी खरी काढावी, आणि जमल्यास चौथ्या पायरीची बरी वापरलेली गाडी पाहावी. हा हिशेब वहीच्या एका पानावर मावतो. त्यात पासिंगचे शुल्क, दुरुस्ती आणि गाडी गॅरेजात उभी राहिल्याने बुडालेले दिवस मांडायला विसरू नये. शेवटची बाब बहुतेकांच्या वहीत नसते आणि तीच सर्वांत मोठी असते.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, ‘कारखान्याची धुराडी आहेत, कचरा जळतो, दिवाळीचे फटाके आहेत, मग गाडीवालाच का?’ तक्रार खोटी नाही. पण शेजाऱ्याचे घर जळते म्हणून आपल्या घरातली आग विझवू नये असा न्याय नाही. उलट आपली गाडी स्वच्छ असेल तर दुसऱ्याला जाब विचारण्याचा अधिकार आपल्याला येतो. सरकारनेही या बाबतीत आरंभ स्वतःच्या घरापासून केला आहे: १ एप्रिल २०२३ पासून सरकारी, नगरपालिकांच्या आणि एसटीसारख्या महामंडळांच्या पंधरा वर्षांवरील गाड्यांची नोंदणी पुढे चालू राहत नाही. आपल्या नगरपालिकेचा कचऱ्याचा ट्रक किती वर्षांचा आहे, हे विचारणे आपल्या हाती आहे.

शेवटी एक विचार. एकट्या गाडीवाल्याला बँक ओळखत नाही, कंपनी सवलत देत नाही, मोड-केंद्र दूर पडते. पण वीस गाडीवाले एकत्र आले तर हीच माणसे त्यांच्या दारी येतील. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला तेव्हा शेतकऱ्यांपाशीही मोठे भांडवल नव्हते. होते ते एकमेकांवरच्या विश्वासाचे. त्या उसाची वाहतूक करणाऱ्या माणसाला मात्र आपण त्या सहकारात फारशी जागा दिली नाही. कारखान्यांनी आणि पतसंस्थांनी आपल्या वाहतूकदारांची यादी करावी, कोणाची गाडी कोणत्या पायरीची ते लिहावे, आणि पाच वर्षांत पाळीपाळीने कोणाची बदलायची ते ठरवावे. सामुदायिक जामीन, एकत्र खरेदी, एकत्र मोड. सरकारकडे मागणीही अशीच करावी: तारखा आधी सांगा, त्या वारंवार हलवू नका, आणि साहाय्याचा पहिला वाटा एका गाडीच्या मालकाला द्या. तारीख हलवली की जो प्रामाणिकपणे वेळेत कर्ज काढून बसला त्याचे नुकसान होते आणि जो हात बांधून बसला त्याला बक्षीस मिळते. अशाने नियमावरचा विश्वास उडतो. आणि विश्वास उडालेला नियम पोलिसांच्या हातचे केवळ वसुलीचे साधन होतो.

गाडीवाल्याला गुन्हेगार समजून धूर जाणार नाही आणि गाडीवाल्याची कीव करून नियम ढिले केल्यानेही जाणार नाही. त्याला नियम समजावून सांगणे, हिशेब मांडून दाखवणे आणि शेवटच्या मालकाच्या पाठीशी उभे राहणे, हे तिन्ही एकदम करावे लागेल. आज घरी गेल्यावर गाडी असलेल्यांनी आरसी बुक उघडून आपली पायरी पाहावी, पीयूसीची तारीख पाहावी आणि वहीचे एक पान हिशेबासाठी राखून ठेवावे. एवढे झाले तरी या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी समजेन.